५९० रुपयांची थकबाकी

क्रेडिट रिपोर्टमध्ये चुकीची नोंद दिसली की बहुतेक माणसे पहिला राग सिबिलवर काढतात आणि तक्रारीचा पहिला महिना त्यातच घालवतात. वास्तविक सिबिल काय किंवा इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क या तिच्यासारख्याच इतर तीन कंपन्या काय, यांपैकी कोणीही आपण होऊन कोणाच्या नावावर थकबाकी लिहीत नाही. बँका, वित्तकंपन्या आणि क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था जे कळवतात ते या कंपन्या साठवतात, एकेका माणसाच्या नोंदी एकत्र जुळवतात आणि नवे कर्ज देऊ पाहणाऱ्याने विचारले की त्याच्यासमोर ठेवतात. या कंपन्यांसाठी २००५ साली झालेल्या कायद्याच्या कलम २१ मध्ये नोंद दुरुस्त करून मागण्याचा हक्क कर्जदाराला दिलेला आहे; पण त्याच कलमात अशीही अट आहे की, ज्या संस्थेने ती नोंद पाठवली तिने दुरुस्ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्याखेरीज ती करता येणार नाही. सिबिलचे कार्यालय मुंबईत सेनापती बापट मार्गावर, पूर्वी जिथे गिरण्यांचे भोंगे वाजत त्या भागात आहे. तिथल्या एखाद्याला तुमची बाजू पूर्णपणे पटली, तरी तुमच्या नोंदीतला एक आकडाही त्याला स्वतःच्या अधिकारात बदलता येत नाही. भांडण असते ते कर्ज देणाऱ्याशी, आणि ते तसे ओळखून मांडले तरच हलते. माझ्या आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या अशा दोन प्रकरणांत हे जवळून पाहायला मिळाले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मुलुंडला आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा करार होत असताना, विकासकाकडून मिळणाऱ्या जागेच्या जोडीला थोडे जास्तीचे क्षेत्रफळ विकत घ्यायचे आम्ही ठरवले आणि त्यासाठी मी गृहकर्जाचा अर्ज केला. पगार, नोकरीची वर्षे आणि चालू हप्ते यांत काहीच अडचण नसताना अर्ज नामंजूर झाला, आणि शाखेतल्या अधिकाऱ्याने, "रिपोर्टमध्ये ओव्हरड्यू दिसतोय, तो आधी क्लिअर करून आणा," एवढेच सांगितले. कोणाचा, किती, कधीपासून, हे सांगायला त्याला वेळ नव्हता. अशा वेळी तोंडी माहितीवर पुढे काहीच करू नये. कर्जासाठी अर्ज केलेल्या माणसाला, त्या संस्थेने त्याच्याविषयी जो रिपोर्ट मागवला त्याची प्रत मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि तशी लेखी मागणी केल्यावर मला ती मिळाली. याखेरीज चारही कंपन्यांनी प्रत्येक कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. मोफत रिपोर्टचा दुवा संकेतस्थळावर ठळकपणे दाखवणेही आता बंधनकारक आहे. तरीही मासिक वर्गणीच्या योजना त्याच्या आजूबाजूला इतक्या मांडलेल्या असतात की, घाईत असलेला माणूस पैसे भरून मोकळा होतो. चार कंपन्यांचे चार रिपोर्ट एकदम न मागवता दर तीन महिन्यांनी एकेक मागवला, तर वर्षभर फुकटात लक्ष ठेवता येते. माझ्या घरी आता तसेच चालते.

रिपोर्ट हातात आल्यावर सगळ्यांची नजर आधी तीन आकडी स्कोअरवर जाते. ३०० ते ९०० च्या दरम्यानचा तो आकडा कर्ज देणाऱ्याच्या उपयोगाचा असला, तरी तक्रार करणाऱ्याच्या दृष्टीने तो बिनकामाचा आहे, कारण त्याच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही. तक्रार करता येते ती खाली दिलेल्या नोंदींविरुद्ध, आणि त्या एकेक करून वाचाव्या लागतात. माझ्या रिपोर्टमध्ये गोंधळ होता तो एका फ्रिजच्या कर्जात. तीनेक वर्षांपूर्वी दुकानातच एका वित्तकंपनीच्या माणसाकडून हप्त्यांवर घेतलेला तो फ्रिज, त्याचे सगळे हप्ते वेळेवर गेलेले, शेवटचा हप्ता भरल्यावर ना-देय प्रमाणपत्रही ईमेलने आलेले. रिपोर्टमधल्या नोंदीत मात्र खात्याचा प्रकार 'कन्झ्युमर लोन', मालकी 'इंडिव्हिज्युअल', मंजूर रक्कम ३८,०००, चालू बाकी ५९०, थकीत रक्कम ५९०, आणि खाते बंद झाल्याच्या तारखेचा रकाना रिकामा. त्याखाली महिन्यांची पट्टी असते. प्रत्येक महिन्यासमोर त्या वेळी हप्त्याची तारीख उलटून किती दिवस झाले होते ते तीन आकड्यांत लिहिलेले असते, आणि अशी मागची ३६ महिन्यांपर्यंतची माहिती दिसते. माझ्या पट्टीत आधी ओळीने ००० होते. मग एकाएकी ०३०, ०६१, ०९१ असे आकडे चढत गेले होते. काही महिन्यांत एक्सएक्सएक्स असे होते, ज्याचा अर्थ एवढाच की त्या महिन्यात संस्थेने काही कळवलेच नाही. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की बँकेच्या हिशेबात ते कर्ज अनुत्पादक, म्हणजे वसुली अडलेले, ठरते. मग ते ५९० रुपयांचे आहे की ५९ लाखांचे, हे वाचणारे यंत्र पाहत नाही.

५९० हा आकडा ओळखीचा वाटला पाहिजे. पाचशे रुपये हप्ता परत गेल्याचा आकार, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे नव्वद रुपये. झाले होते असे की, कर्ज संपल्यावर मी माझ्या बँकेत त्या हप्त्याचे नॅच मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची परवानगी, रद्द केले. वित्तकंपनीच्या यंत्रणेने मात्र संपलेल्या कर्जाचा आणखी एक हप्ता पुढच्या महिन्यात मागितला, मँडेटच नसल्यामुळे तो परत गेला, आणि परत गेल्याचा दंड म्हणून त्याच यंत्रणेने बंद व्हायच्या खात्यावर ५९० रुपये चढवून ते खाते उघडे ठेवले. इतक्या छोट्या रकमेसाठी तगाद्याचा फोन करणेही कोणाला परवडत नसावे, कारण मला एकदाही फोन आला नाही. थकबाकीची नोंद मात्र जात राहिली. मोठ्या रकमेच्या कर्जात चूक असेल तर वसुलीवाले दारात उभे राहतात आणि निदान ती कळते. अशी किरकोळ चूक मात्र माणूस पुन्हा कर्ज मागायला जाईपर्यंत अंधारात वाढत राहते.

वित्तकंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केल्यावर पलीकडची मुलगी अगदी अगत्याने म्हणाली, "सर, पाचशे नव्वदच तर आहेत, भरून टाका ना, खातं लगेच क्लोज होईल." गृहकर्ज अडलेल्या माणसाला हा सल्ला पटण्यासारखा असतो, आणि माझ्या घरातल्यांनाही तो पटला होता. मला तो पटला नाही, कारण भरणा केल्याने फक्त आजची थकीत रक्कम शून्य होते. मागच्या महिन्यांच्या पट्टीतले ०३०, ०६१ आणि ०९१ तसेच राहतात, आणि आता तर ते खरेही ठरतात, कारण पैसे भरून आपणच ते देणे मान्य केलेले असते. पुढचा कर्ज देणारा ती पट्टीच वाचतो. चुकीची मागणी भरून टाकणे आणि चुकीची नोंद काढून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांना खरोखरच थांबता येण्यासारखे नसेल, म्हणजे घराचे बयाणे दिले आहे आणि तारीख उलटते आहे, त्यांनी रक्कम भरावी. पण भरण्याआधी 'हे देणे मला मान्य नाही, आपली हरकत कायम राखून भरत आहे' असे ईमेलने कळवून मगच भरावी, म्हणजे दुरुस्तीची मागणी जिवंत राहते.

तक्रार मी एकाच दिवशी दोन ठिकाणी केली आणि सर्वांनी तसेच करावे असे माझे ठाम मत आहे. क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीकडे, म्हणजे सिबिल किंवा तिच्यासारख्या कंपनीकडे, ती ऑनलाइन आणि विनामूल्य करता येते. रिपोर्टवर एक नियंत्रण क्रमांक असतो, तो देऊन नेमके कोणते खाते, त्यातला कोणता रकाना आणि त्यात काय असायला हवे ते निवडायचे असते. तक्रार चालू असेपर्यंत त्या नोंदीवर ती वादग्रस्त असल्याचा शेरा राहतो. मात्र ही कंपनी तुमचे म्हणणे कर्जदात्याला पाठवते ते बहुधा ठरावीक साच्यातल्या एका ओळीत. तुमची कागदपत्रे आणि तुमची बाजू समोरच्या माणसाच्या टेबलावर पोहोचवायची तर कर्जदात्याला वेगळे, तपशीलवार पत्र द्यावे लागते. माझ्या पत्रातला मुख्य मजकूर असा होता: "तुमच्या संस्थेतील वरील क्रमांकाचे कर्ज मी पूर्ण फेडलेले असून तुम्ही दिलेले ना-देय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. असे असताना त्यानंतरच्या महिन्यापासून या खात्यावर ५९० रुपये थकीत असल्याचे तुम्ही कळवत आहात. कर्ज संपल्यानंतर हप्ता मागता येत नसल्यामुळे, तो परत गेल्याचा आकारही लागू होत नाही. हा आकार रद्द करून खाते फेडीच्या तारखेपासून बंद दाखवावे, त्यानंतरच्या सर्व महिन्यांतील थकीत दिवसांच्या नोंदी काढून टाकाव्यात, ही दुरुस्ती चारही क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांना कळवावी आणि तसे केल्याचे मला लेखी कळवावे."

या मजकुरातले प्रत्येक वाक्य मुद्दाम लिहिलेले आहे. नुसते 'माझी चुकीची नोंद दुरुस्त करा' असे लिहिले, तर समोरचा माणूस थकीत रक्कम शून्य करून काम झाले असे कळवतो आणि महिन्यांची पट्टी तशीच ठेवतो. 'फेडीच्या तारखेपासून' असे लिहिले नाही, तर खाते आजच्या तारखेने बंद होते आणि मधल्या काळात ते थकलेले होते असाच अर्थ राहतो. चारही कंपन्यांचा उल्लेख यासाठी की, २०१५ पासून कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेला चारही ठिकाणी सभासद होऊन माहिती पाठवावी लागते, म्हणजे चूकही चार ठिकाणी गेलेली असण्याची शक्यता असते. पत्रासोबत ना-देय प्रमाणपत्र, शेवटचा हप्ता वळता झालेल्या महिन्याचा बँकेचा खातेउतारा आणि मँडेट रद्द केल्याची बँकेची पोच जोडली होती. ईमेल केलाच, शिवाय वित्तकंपनीच्या कार्यालयात जाऊन पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि सही घेतली. काउंटरवरच्या माणसाने आधी 'पोहोच देण्याची पद्धत नाही' असे सांगितले; तुमच्या वरिष्ठांकडून तेवढेच लिहून आणून द्या, म्हटल्यावर शिक्का सापडला.

ही तारीख का महत्त्वाची, ते सांगतो. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, तक्रार कर्जदात्याकडे किंवा क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीकडे प्रथम नोंदवल्यापासून ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते, आणि हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. या ३० दिवसांतले पहिले २१ दिवस कर्जदात्याचे असतात: कळल्यापासून २१ दिवसांत त्याने सुधारित माहिती पाठवली नाही, तर भरपाई त्याच्या अंगावर येते, त्याने वेळेत पाठवूनही दुरुस्ती रखडली तर ती क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीच्या अंगावर येते. तक्रारीचा निकाल लागल्यानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम खात्यात जमा व्हायला हवी, आणि त्यासाठी बँक खाते किंवा यूपीआयचा तपशील तक्रारीच्या अर्जातच बिनचूक भरणे ही तक्रारदाराची जबाबदारी आहे. स्कोअर कसा काढला याबद्दलची तक्रार, कर्ज द्यावे की नाही हा संस्थेचा व्यावसायिक निर्णय, आणि न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असलेले प्रकरण यांना ही भरपाई मिळत नाही. रोजचे १०० रुपये ही रक्कम मला तरी हास्यास्पद वाटते. कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत न करणाऱ्या संस्थेला याच रिझर्व्ह बँकेने, त्या परिपत्रकाच्या अवघा महिनाभर आधी, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये, रोजचे ५,००० रुपये लावले होते. चुकीच्या नोंदीमुळे ज्याचे घरच हातचे जाते त्याचे नुकसान त्याहून पन्नासपटीने कमी कसे, हे मला उमगलेले नाही. तरीही या नियमाचा खरा उपयोग पैशाचा नाही. पत्रात परिपत्रकाची तारीख आणि 'एकविसावा दिवस अमुक तारखेला पूर्ण होतो' एवढे एक वाक्य घातले की ते पत्र ग्राहक सेवेच्या ढिगातून निघून ज्याला उत्तर द्यावे लागते अशा माणसाकडे जाते, असा माझा अनुभव आहे.

पहिले उत्तर नकाराचे येते, याची मनाची तयारी ठेवावी. मलाही क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीकडून 'संबंधित संस्थेने नोंद बरोबर असल्याचे कळवले आहे' असे एका ओळीचे उत्तर आले. खूप जण इथेच हात टेकतात. या उत्तराचा अर्थ एवढाच असतो की, कोणीतरी पडद्यावरचा आकडा आणि पाठवलेला आकडा ताडून पाहिला आणि ते दोन्ही सारखे निघाले. पडद्यावरचा आकडाच चुकीचा आहे या तुमच्या म्हणण्याला कोणी हातही लावलेला नसतो. दुरुस्तीची विनंती नाकारली तर कारण द्यायला हवे, असा नियम आहे, म्हणून मी वित्तकंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, ज्याचे पद आणि ईमेल संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेले असते, एकच प्रश्न विचारला: ना-देय प्रमाणपत्र दिल्यानंतर हा हप्ता कोणत्या देण्यापोटी मागितला होता? या प्रश्नाला उत्तर नव्हते. आकार उलटवल्याचा कर्जाचा उतारा आणि खाते फेडीच्या तारखेने बंद केल्याचे पत्र मला त्यानंतर मिळाले.

इथेही अडले असते, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँका आणि बऱ्याच वित्तकंपन्या पहिल्यापासून होत्या, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्याही तिच्याखाली आल्या आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींसाठीच्या संकेतस्थळावर विनामूल्य करता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र आधी संबंधित संस्थेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे आणि तिला नकार मिळालेला असला पाहिजे किंवा ३० दिवस उत्तर आलेले नसले पाहिजे. शिक्क्याची प्रत तिथे कामाला येते. जी संस्था या योजनेत बसत नाही तिच्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयातल्या ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे जाता येते. रागाच्या भरात आधी कोर्टाची पायरी चढू नये असे मी म्हणतो ते खर्चामुळे नव्हे. कलम २१ मध्येच अशी तरतूद आहे की, दुरुस्तीबाबतचा वाद लवाद, न्यायाधिकरण किंवा न्यायालयापुढे प्रलंबित असेल तोवर नोंद बदलता येत नाही आणि तोपर्यंत कर्जदात्याच्या वहीतली नोंदच ग्राह्य धरली जाते. खटला जिंकेपर्यंतची सगळी वर्षे चुकीची नोंद अशी कायद्याच्याच आधाराने टिकून राहते.

तक्रार करण्यापूर्वी, जी नोंद चुकीची आहे आणि जी केवळ नकोशी आहे, त्यांतला फरक पाहून घ्यावा. आमच्याच मजल्यावरच्या एका काकांनी जुन्या क्रेडिट कार्डाची बाकी तडजोडीने कमी पैशांत मिटवली होती. त्यांच्या रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असा शेरा आहे आणि तो त्यांना पुसून हवा आहे. तो खरा आहे, म्हणून तक्रारीने जाणार नाही. सोडून दिलेली उरलेली रक्कम भरून, संस्थेकडून खाते पूर्ण फेडीने बंद झाल्याचे कळवून घेणे एवढाच मार्ग त्यांना आहे. भाच्याच्या किंवा मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये ते कर्ज दिसते, आणि मूळ कर्जदाराने हप्ते चुकवले तर तेही दिसते. सही केलेली असेल तर तीही चूक नव्हे. गेल्याच आठवड्यात बंद केलेले कर्ज अजून चालू दिसणे हा नुसता उशीर असू शकतो. जानेवारी २०२५ पासून संस्थांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागत असली, तरी नोंदीवर 'कळवल्याची तारीख' कोणती आहे ते पाहून, ती तारीख फेडीनंतरची असेल तरच तक्रार करावी. कर्जाच्या अर्जामुळे झालेली चौकशी, म्हणजे संस्थेने रिपोर्ट मागवल्याची नोंदही, अर्ज खरोखर केलेला असेल तर, तशीच राहते. माझ्या नामंजूर झालेल्या गृहकर्जाची चौकशी आजही रिपोर्टमध्ये आहे.

बहिणीचे प्रकरण याहून अवघड निघाले, कारण तिच्या रिपोर्टमधले कर्ज तिचे नव्हतेच. ती भांडुपला राहते, आणि तिच्या नावावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाखेतून घेतलेले सोनेतारण कर्ज दिसत होते. त्यात व्याज थकलेले. तिने पहिल्यांदा फसवणुकीची धास्ती घेतली, आणि ती धास्ती रास्तही होती. कोणी पॅन वापरून कर्ज उचलले असेल तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करून तिची प्रत कर्जदात्याला द्यावी लागते, आणि त्यात एक दिवसही दवडू नये. रिपोर्टचा वैयक्तिक माहितीचा भाग, जो मी स्वतः पहिल्यांदा न वाचताच पुढे गेलो होतो, नीट पाहिल्यावर मात्र वेगळेच दिसले. तिथे तिच्या पत्त्यांच्या यादीत तिने कधी न पाहिलेल्या गावचा पत्ता आणि एक अनोळखी मोबाइल क्रमांक होता. लग्नानंतरचे तिचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव मिळून जे पूर्ण नाव होते तेच जसेच्या तसे नाव आणि तेच जन्मवर्ष असलेली दुसरी बाई होती, आणि त्या बाईच्या कर्जखात्यावर पॅनची नोंद नव्हती. या कंपन्या नाव, जन्मतारीख, पॅन, मोबाइल आणि पत्ता पडताळून नोंदी जुळवतात. पॅन नसला की उरलेल्या गोष्टींवर भिस्त राहते, आणि आपल्याकडे लग्नाने बदलणारी नावे, इंग्रजी स्पेलिंगच्या तीन-तीन तऱ्हा आणि चाळीतल्या खोलीपासून टॉवरमधल्या फ्लॅटपर्यंत दर काही वर्षांनी बदलणारे पत्ते यांनी ती भिस्त पोकळ केलेली असते. म्हणून रिपोर्ट वाचताना सुरुवात वैयक्तिक माहितीपासून करावी. परका पत्ता तिथे दिसला तर खाली परके खाते सापडण्याची तयारी ठेवावी. तक्रारही दोन्हींची करावी लागते, कारण नुसते खाते काढले आणि परका पत्ता व क्रमांक तसाच राहिला, तर पुढच्या वेळी नवे खाते पुन्हा त्याच धाग्याने येऊन चिकटू शकते.

या प्रकारात 'हे खाते माझे नाही' असे सांगणाऱ्याला ते सिद्ध करायला कागद नसतो, ही मोठीच पंचाईत आहे. न घेतलेल्या कर्जाची पावती कुठून आणणार? आम्ही उलट बाजूने गेलो: ज्या संस्थेने ते कर्ज दिले तिच्याकडे कर्जदाराची सही, छायाचित्र आणि ओळखपत्र असलेला मूळ अर्ज माझ्या बहिणीच्या सही-छायाचित्राशी ताडून पाहण्याची लेखी मागणी केली. दुसऱ्या बाईची कागदपत्रे आम्हाला दाखवा असे मुद्दाम म्हटले नाही, कारण ती दाखवणे त्यांना शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. ताडून पाहण्याचे काम त्यांनी आपल्याच कार्यालयात करायचे होते, आणि शाखा व्यवस्थापकाने ते केल्यावर वाद उरलाच नाही.

याच काळात बहिणीला लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'सिबिल सुधारून मिळेल' छाप स्टिकरवरून कोणीतरी गाठले होते. हे एजंट वर सांगितलेला मोफत अर्जच हजारो रुपये घेऊन भरतात, आणि त्यासाठी पॅन, आधार आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागतात. खरी नोंद पुसण्याचा अधिकार कोणालाच नाही आणि चुकीची नोंद काढायला त्यांची गरज नाही. मग पैसे कशाचे, हे त्यांनाच विचारावे.

दुरुस्ती झाल्याचे पत्र आल्यावर चारही ठिकाणचे रिपोर्ट पुन्हा पाहावे लागतात, कारण प्रत्येक कंपनी आपल्याकडची नोंद स्वतंत्रपणे बदलते. माझ्या फ्रिजचे खाते चारही ठिकाणी फेडीच्या तारखेने बंद झाले असून पट्टीत आता सगळीकडे ००० आहेत. गृहकर्ज दुसऱ्या बँकेतून मंजूर झाले. बहिणीच्या बाबतीत तीन कंपन्यांनी सोनेतारण खाते आणि परका पत्ता दोन्ही काढले आहेत. चौथीच्या रिपोर्टमध्ये खाते गेले, पण अनोळखी मोबाइल क्रमांक अजून तिच्या नावासमोर आहे, म्हणून तिने त्या एका रकान्यापुरती नवी तक्रार नोंदवली आहे आणि भरपाईच्या जागी स्वतःचा यूपीआय तपशील भरला आहे. तिसाव्या दिवसापर्यंत तो क्रमांक हटला नाही, तर लोकपालाकडे पाठवायचा अर्ज तिने आत्ताच लिहून ठेवला आहे.